स्वस्त सायकलीची आणेवारी : शेतकरी कुटुंबानें ती कशी पारखावी

शेतकऱ्याच्या घरीं बैल किंवा गाय यावयाची असली म्हणजे चार जाणत्या माणसांस विचारल्यावांचून व्यवहार होत नाहीं. बैलाचे दांत पाहतात, चाल पाहतात, त्यास औतास जुंपून पाहतात. गाय घेतांना दोन वेळां धार काढून पाहतात. परंतु सायकल घ्यावयाची ठरली, कीं बाजारच्या दिवशीं तालुक्याच्या गांवीं जावें, रंग पाहावा, घंटी वाजवावी, दुकानासमोरील फरशीवर एक चक्कर मारावी आणि पांच-सहा हजार रुपये मोजून ती घरीं आणावी, असा सर्वत्र प्रघात आहे. फरशीवर कोणतीहि नवी सायकल चांगलीच चालते. तिची खरी परीक्षा मागें वीस किलो ओझें चढलें, चाकाखालीं मुरूम आला आणि मृगाची पहिली सर पडून गेली म्हणजे होते. व तोंपर्यंत पैसे दुकानदाराच्या पेटींत गेलेले असतात.

आमची नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. पिकाची आणेवारी चावडींत बसून लिहूं नये, बांधावर जाऊन लिहावी, हा त्या खात्यांतील पहिला धडा. चावडींत बसून लिहिलेली आणेवारी कागदावर सुरेख दिसते, पण ज्याचें पीक बुडालें त्याची सूटहि तिच्यामुळें बुडते. हाच न्याय सायकलीस लावावा असें मनांत धरून गतवर्षींच्या अक्षय्यतृतीयेस आम्हीं एक साधी काळी सायकल विकत घेतली आणि तिची बारा महिने पाहणी केली. त्या पाहणीचें फलित आमच्या शेतकरी बंधुभगिनींपुढें ठेवीत आहों. कारखान्याचें नांव मुद्दाम घालीत नाहीं. कारण या घडणीच्या सायकली अनेक कारखाने काढतात, आणि आमचें म्हणणें त्या सर्वांस थोड्याफार फरकानें लागू पडेल.

गरज कोणाची आणि कसली

प्रथम गरज ठरवावी, मग वस्तु. प्रवरेच्या कालव्याखालील आमच्या गांवीं शेजारीं दोन एकर बागायत व तीन संकरित गाई असलेलें एक कुटुंब आहे. पहाटे वीस लिटर दूध अडीच किलोमीटरवरील संकलन केंद्रावर पोंचवावें लागतें. साडेदहाच्या आंत थोरल्या मुलीस पांच किलोमीटरवरील हायस्कुलांत हजर व्हावें लागतें, आणि एस्. टी. ची गाडी तिच्या वेळेस फाट्यावर नसते. दुपारीं मळ्यांतून चाऱ्याचा भारा, आठवड्यांतून एकदां दळण, हंगामांत खताची पिशवी, हीं कामें निराळीं. घरांत मोटारसायकल एकच; ती थोरला मुलगा कामावर घेऊन जातो.

अशा घरांत येणारी सायकल एका माणसाची नसते. ती पहाटे बापाची, दहा वाजतां मुलीची आणि वेळप्रसंगीं आईचीहि असते. ती ओझ्याखालीं लवली, तर दूध उशिरां पोंचून परत येतें. आणि मुलीस झेपली नाहीं, तर पहिल्या पावसाळ्यांतच शाळा सुटण्याचा संभव असतो. म्हणून पांच-सहा हजारांची ही खरेदी दिसते तितकी किरकोळ नाहीं. ज्या तालुक्यांत सरकारचा मानव विकास कार्यक्रम लागू आहे, तेथें आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस सायकलीसाठीं अनुदान देण्याची तरतूद आहे. तेव्हां पैसे काढण्यापूर्वीं शाळेच्या मुख्याध्यापकांकडे चौकशी अवश्य करावी.

काळ्या सायकलीचें कुळ

दोन सारख्या चाकांची व मागील चाकास साखळीनें गति देणारी सायकल इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ले यांनीं १८८५ सालीं 'रोव्हर' या नांवानें पुढें आणली. १८८८ सालीं डनलॉप यांनीं हवा भरलेली रबरी धाव काढली. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि आज आपल्या ओसरीवर उभी असते ती सायकल सिद्ध झाली. आपल्या देशांत मद्रासेस टी. आय. सायकल्स १९४९ सालीं, सोनपत येथें अ‍ॅटलस १९५१ सालीं व लुधियान्यास हिरो १९५६ सालीं असे मोठे कारखाने निघाले. यांपैकीं अ‍ॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना जून २०२० मध्यें बंद पडला. लुधियाना मात्र आजहि या धंद्याचें मुख्य ठाणें आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील वस्तु व सेवा कर शेंकडा १२ वरून ५ वर उतरला आहे; पावती घेतांना तो आंकडा नजरेखालून घालावा.

इतक्या वर्षांत या काळ्या सायकलीचा मूळ सांगाडा फारसा बदलला नाहीं. अठ्ठावीस इंची चाकें, दीड इंच रुंदीचें टायर, लोखंडी नळ्यांची चौकट, सळ्यांचे ब्रेक, दोन्ही चाकांवर मडगार्ड, मागें कॅरियर व दोन पायांचें स्टँड. वजन सुमारें वीस किलो. तिच्यांत नवें कांहीं नाहीं. पण नवें नसणें हा दोषच असतो असें नाहीं, हें पुढें दिसून येईल.

बसण्यांतील सुख

आम्हीं पाहणीसाठीं सात किलोमीटरची वाट ठरविली. तींत तीन किलोमीटर डांबरी रस्ता, दोन किलोमीटर मुरूम व उखडलेली खडी, दीड किलोमीटर कालव्याचा भराव आणि अर्धा किलोमीटर काळ्या मातींतील पाणंद. ही वाट प्रत्येक ऋतूंत एकदां मोकळ्या सायकलीनें व एकदां दहा-दहा लिटरच्या दोन भरल्या किटल्या लावून तुडविली.

डांबरावर व भरावावर ही सायकल फार शांत चालते. याचीं कारणें तीन. पहिलें, चाक मोठें. बैलगाडीचें मोठें चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातें, त्यांत हातगाडीचें लहान चाक अडकून बसतें, हें सर्वांच्या नित्य पाहण्यांतलें आहे; तोच प्रकार येथें. दुसरें, पुढचा चिमटा उभा नसून बराच पुढें कललेला असतो व दोन चाकांमधील अंतर जास्त असतें. त्यामुळें रस्त्याचा धक्का सरळ मनगटांत न शिरतां चिमट्याच्या लवण्यांत कांहीं अंशीं जिरतो, आणि हात थोडे ढिले पडले तरी सायकल आपली रेघ सोडीत नाहीं. तिसरें, सीटखालील स्प्रिंगा. कणा ताठ ठेवून बसण्याची ही सायकल असल्यामुळें देहाचा बहुतेक भार सीटवर येतो, व तेथें स्प्रिंग असणें अगत्याचें असतें.

खडीवर मात्र निराळा अनुभव येतो. दीड इंची टायर बारीक खडींत घसरतें, मोठ्या खडीवर उडतें, आणि मडगार्ड, साखळीची पेटी व स्टँड यांचा खडखडाट ऐकून प्रवासी बेजार होतो. दोन किलोमीटर खडी तुडविल्यावर तळहात बधिर झाले, हें लिहून ठेवणें भाग आहे.

यावर एक उपाय फुकटचा आहे, तो म्हणजे हवा. कोणी टायर दगडासारखें टणक करतात, म्हणजे प्रत्येक खडा हाडांपर्यंत पोंचतो. कोणी तें इतकें ढिलें ठेवतात, कीं खड्ड्यांत रिम जमिनीस टेकून ट्यूब दोन जागीं चावली जाते. टायरच्या बाजूवर हवेच्या दाबाचा आंकडा छापलेला असतो. तो ओलांडूं नये. ओझें मागें असतें म्हणून मागचें चाक चांगलें कठीण असावें, पुढचें अंगठ्यानें दाबलें असतां किंचित् दबेल असें असावें. आठवड्यांतून एकदां हवा पाहण्याचा परिपाठ ठेवल्यास सुखांत जी भर पडते, ती हजार रुपये अधिक देऊनहि मिळणार नाहीं.

सीटची उंचीहि अशीच दुर्लक्षिलेली गोष्ट. सीटवर बसून टांच खालच्या पायडलावर ठेवली असतां पाय सरळ व्हावा, हें तिचें माप. सीट याहून खालीं ठेवून वर्षानुवर्षें सायकल हांकणारे लोक गुडघेदुखीची तक्रार करतात व दोष सायकलीस देतात. पाना घेऊन एक बोल्ट ढिला करण्याचें हें काम आहे.

चढ आणि गति

आमच्या सायकलीस पुढील चक्रास ४४ व मागील फ्रीव्हीलला १८ दांते आहेत. म्हणजे पायडल एकदां फिरलें कीं मागचें चाक सुमारें अडीच वेळां फिरतें व सायकल साधारण साडेपांच मीटर पुढें जाते. सपाट रस्त्यावर हें प्रमाण सोयीचें आहे. मिनिटास साठ फेरे या बेतानें तासास एकोणीस-वीस किलोमीटरची चाल पडते, व दूध घेऊन तेवढी घाईहि नको. परंतु कालव्याच्या पुलाचा चढ किटल्या लावून चढतांना उतरावें लागतें. ज्यांचा मुलूख चढउताराचा आहे, त्यांनीं दुकानदाराकडून १८ ऐवजीं २० दांत्यांचें फ्रीव्हील बसवून घ्यावें. एका फेऱ्यास अंतर अर्धा मीटर कमी पडेल, पण पायांस दहावा हिस्सा हलकें लागेल. फ्रीव्हीलच्या खर्चाच्या मानानें ही सोय मोठी आहे.

ओझें

या कामीं काळी सायकल खरोखर नांव घेण्याजोगी आहे. तिच्या पुढच्या चाकास ३२ तारा असतात व मागच्यास ४०. कारण भार मागें पडतो हें करणाऱ्यानें ओळखलेलें आहे. घेतांना या तारा मोजाव्या. कॅरियरच्या पट्ट्या जाड व चार ठिकाणीं बोल्टांनीं आंवळलेल्या असाव्या.

ओझें लादण्याचेंहि शास्त्र आहे. किटल्या कॅरियरच्या माथ्यावर न ठेवतां दोहों बाजूंस आंकड्यांनीं खालीं लटकवाव्या, व दोहोंत सारखें दूध असावें. ओझें जितकें खालीं, तितकी सायकल स्थिर. चाऱ्याचा भारा कॅरियरच्या मागील टोंकास बांधला, तर पुढचें चाक हलकें होऊन हँडल डोलूं लागतें. तो सीटला भिडवून बांधावा. युरियाची पिशवी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे. ती कॅरियरवर टाकून वर आपण बसणें हें रिमेचें व आपलें, दोघांचेंहि नुकसान आहे. सायकल हातीं धरून चालत गेल्यास मात्र ती पिशवी निमूटपणें घरीं येते, आणि डोक्यावरचें ओझें टळतें.

स्टँड दोन पायांचें, मागचें चाक उचलून धरणारेंच घ्यावें. एका बाजूची टेकणी दिसावयास बरी, पण भरल्या किटल्यांसह ती मऊ जमिनींत रुतते आणि दूध मातींत जातें.

ब्रेक

आतां दोषांकडे वळूं. या सायकलीच्या सळ्यांच्या ब्रेकांत रबराचे तुकडे रिमेस आंतल्या अंगानें दाबले जातात. रिम पोलादी असून तिच्यावर चकचकीत मुलामा असतो. कोरड्या दिवसांत काम भागतें. पाऊस पडला, कीं ओल्या गुळगुळीत रिमेवर रबर नुसतें सरकत राहतें. कालव्याच्या पुलाच्या उतारावर चुन्याची रेघ मारून आम्हीं हें मोजलें. कोरड्यांत रेघेपासून चार पावलांवर थांबणारी सायकल भरल्या ओझ्यानिशीं पावसांत अकरा पावलांवर थांबली. उताराच्या तळाशीं कालव्याचें वळण असेल, तर या सात पावलांचा अर्थ काय होतो तो सांगावयास नको.

म्हणून पावसांत उतार लागण्याच्या आधींच ब्रेक हलका दाबून धरावा, म्हणजे रिमेवरील पाणी पुसलें जातें व मागाहून ब्रेक धरतो. रबरें झिजून लोखंडाची पकड दिसण्याची वाट पाहूं नये. तीं थोड्या पैशांत मिळतात व बदलण्यास फार वेळ लागत नाहीं. लहान मुलास दांडीवर बसवून ओल्या दिवशीं उतार उतरूं नये, ही आमची निक्षून सूचना आहे.

चिखल आणि कांटा

काळ्या जमिनीचा चिखल हा या सायकलीचा दुसरा शत्रु. मडगार्ड व टायर यांमध्यें जेमतेम बोटभर जागा असते. पहिल्या पावसानंतर पाणंदींत शिरलों, तों शंभर पावलांच्या आंत मातीचा गोळा मडगार्डांत घट्ट बसला व चाक फिरेनासें झालें. पुढें सायकल आपणांस नेत नाहीं, आपण सायकलीस नेतों. कॅरियरला एक चपटी काठी बांधून ठेवावी व मडगार्डाच्या सळ्या शक्य तेवढ्या लांब सरकवून घ्याव्या, एवढाच उपाय आहे. शहाणपण याहून निराळें. जमीन वाफशावर येईपर्यंत जसें औत घालीत नाहींत, तशी सायकलहि पाणंदींत घालूं नये. डांबरी रस्त्याच्या कडेस ओळखीच्या वस्तीवर ठेवून पुढें पायीं जावें.

कांट्याविषयीं असें, कीं कालव्याच्या कडेनें वेड्या बाभळीचें रान माजलें आहे, आणि तिचा कांटा टायरच्या जाडीची पर्वा करीत नाहीं. बारा महिन्यांत आमच्या चाकांत सात कांटे भरले, त्यांपैकीं पांच एकट्या भरावावर. टायरांतून कांटा काढल्यावांचून नुसती ट्यूब जोडली, तर दुसऱ्या दिवशीं तेंच छिद्र पुन्हां पडतें. म्हणून आंतून बोट फिरवून कांट्याचें टोंक शोधावें. जोडाचें रबर, सोल्यूशनची नळी, टायर उतरविण्याच्या दोन पट्ट्या, व्हॉल्व्हची रबरी नळी व हातपंप हा संच घरीं असावा, आणि ट्यूब जोडण्याची विद्या घरांतील मुलीसहि शिकवावी. शाळेच्या वाटेवर चाक बसलें म्हणजे तिला कोणाची वाट पाहावी लागूं नये.

दुरुस्ती व जमाखर्च

या सायकलीचा सर्वांत मोठा गुण असा, कीं ती मोडली तरी बंद पडत नाहीं. छर्रे, कॉटर, साखळीची कडी, तारा, ब्रेकचें रबर, सारें बाजारच्या गांवीं मिळतें, आणि पाना, पक्कड व हातोडी एवढ्या हत्यारांवर निम्मी कामें घरीं होतात. नव्या सायकलीचे बोल्ट पहिल्या महिन्यांत सैल होतात, विशेषतः पायडलाच्या दांड्याचा कॉटर. तो वेळीं न ठोकल्यास दांडा झिजून कायमचा हलूं लागतो. पंधरा दिवसांनीं साखळी कोरड्या फडक्यानें पुसून शिवणयंत्राच्या तेलाचे थोडे थेंब सोडावे. तेलांत न्हाऊं घातलेली साखळी धूळ धरते व लवकर झिजते. सायकल उन्हांत ठेवूं नये. टायरांस भेगा पडतात.

आमच्या वहींत वर्षाचा दुरुस्तीखर्च ७८० रुपये पडला. त्यांत एक ट्यूब, दोनदां ब्रेकचीं रबरें, एक कॉटर आणि उरलेले जोड. आतां दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडूं. रोज आठ किलोमीटरचें काम मोटारसायकलीनें केलें, तर वर्षास २,९०० किलोमीटर होतात. खेड्याच्या रस्त्यानें लिटरास पन्नास किलोमीटर धरले, तर ५८ लिटर पेट्रोल. आणि सोयीसाठीं लिटरास शंभर रुपये धरले, तर ५,८०० रुपये. म्हणजे नव्या सायकलीची किंमत एका वर्षाच्या पेट्रोलांतून सुटते. यावरून मोटारसायकल विकून टाकावी असें आम्ही म्हणत नाहीं. पंचवीस किलोमीटरवरील बाजार समिती गांठणें किंवा रात्रीं अपरात्रीं आजाऱ्यास दवाखान्यांत नेणें हीं कामें सायकलीचीं नव्हेत. परंतु पांच किलोमीटरच्या आंतील रोजचें काम पेट्रोलवर करणें, हें घरची विहीर असतां विकतचें पाणी भरण्यासारखें आहे.

रंगीत सायकलीशीं तुलना

हल्लीं तरुण मंडळींचा ओढा रुंद टायरांच्या, पुढें स्प्रिंगचा चिमटा व डिस्क ब्रेक असलेल्या रंगीत सायकलींकडे आहे. अशी एक कमी किंमतीची सायकल ओळखीच्या गृहस्थांकडून पंधरा दिवस मागून आणून त्याच वाटेवर चालविली. न्यायानें बोलावयाचें तर खडीवर ती अधिक सुखाची आहे. रुंद टायर धक्का गिळतें. पावसांतील ब्रेकहि निःसंशय चांगला, कारण तो रिमेवर न लागतां चाकाच्या मध्यावरील तबकडीवर लागतो.

परंतु तिला मडगार्ड नाहीं, कॅरियर नाहीं, ओझ्याचें स्टँड नाहीं. हीं निराळीं बसविलीं तर किंमत चढते व पक्केपणा येत नाहीं. स्वस्त स्प्रिंगचा चिमटा चढावर प्रत्येक पायडलाबरोबर खालींवर होऊन माणसाचा जोर खातो. दातेरी टायर डांबरावर जड चालतें. अनेक चक्रांचा गियर धुळींत व चिखलांत लवकर बिघडतो, आणि त्याचे भाग आमच्या बाजारांत मिळाले नाहींत. ज्यास एकट्यानें हिंडावयाचें आहे त्यानें ती घ्यावी. ज्यास दूध, चारा व दळण न्यावयाचें आहे त्यानें घेऊं नये.

मुली व स्त्रिया यांजकरितां

बाजारांत काळ्या सायकलीची चौकट मुख्यतः २२ व २४ इंची मिळते. दुकानदार कित्येकदां शिल्लक असेल ती माथीं मारतो. सायकलीच्या दोहों बाजूंस पाय टाकून उभें राहिलें असतां दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकावे व दांडी अंगास लागूं नये, हें परीक्षेचें साधन. मुलीसहि वापरावयाची असल्यास २२ इंचीच घ्यावी. उंच सायकलीच्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत जाणारीं मुलें पाहून मोठ्यांस कौतुक वाटतें, पण ओल्या रस्त्यावर त्यांस पाय टेकतां येत नाहीं.

वांकड्या दांडीची जनानी सायकल साडीस व परकरास सोयीची. मात्र भारी ओझ्याखालीं तिची चौकट थोडी पिळते. येथें एक उदाहरण विचारांत घेण्याजोगें आहे. तामिळनाडूंतील पुदुकोट्टई जिल्ह्यांत १९९० नंतरच्या साक्षरता चळवळींत खेड्यांतील हजारों स्त्रिया सायकल शिकल्या, आणि त्यांपैकीं कांहींनीं पुरुषी सायकलच पसंत केली; कारण तिच्या दांडीवर मूल बसवितां येतें. सारांश, कोणती चौकट घ्यावी हें दुकानदारानें किंवा घरच्या पुरुषानें एकट्यानें ठरवूं नये. जिनें चालवावयाची तिला बाजारांत बरोबर न्यावें.

रात्रींचा प्रवास

ऊस पट्ट्यांत गळिताच्या हंगामीं रात्रीं उसानें भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या रस्त्यानें धांवत असतात, व काळी सायकल काळोखांत दिसत नाहीं. मागच्या मडगार्डावर तांबडा परावर्तक धड आहे कीं नाहीं हें पाहावें, कॅरियरला व किटल्यांस चकाकणारी पट्टी लावावी, आणि पुढें विजेरी बांधावी. पहाटे दूध नेणाऱ्यांस ही सूचना विशेष लागू आहे. इतक्या अल्प खर्चाची ही वस्तु टाळण्यांत काटकसर नाहीं.

दुकानांत काय पाहावें

१. पुढचें व मागचें चाक उचलून फिरवावें. रिम डोलतां कामा नये.
२. पायडलाचा दांडा धरून आडवा हलवावा. खटका लागल्यास नाकारावी.
३. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढें-मागें ढकलावी. हँडलाच्या सांध्यांत खेळ नसावा.
४. मडगार्ड व टायर यांत बोट जाईल एवढी जागा असावी.
५. कॅरियरवर माणूस बसवून फरशी सोडून खडबडीत जागीं चक्कर मारावी. यास नाहीं म्हणणाऱ्या दुकानदाराकडून घेऊं नये.
६. चौकटीवरील क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. चोरी झाल्यास तोच पुरावा.

आणेवारी

सोळा आण्यांचें पूर्ण पीक धरून आमच्या सायकलीची आणेवारी येणेंप्रमाणें : बसण्याचें सुख ११ आणे, ओझें १३ आणे, चढ व गति ९ आणे, पावसांतील ब्रेक ५ आणे, चिखल ७ आणे, दुरुस्ती १५ आणे. सहा बाबींची बेरीज ६० आणे, व सरासरी दहा आणे. म्हणजे पैसेवारीच्या भाषेंत साडेबासष्ट पैसे. पन्नास पैशांच्या आंत उतरलेलें गांव टंचाईंत धरण्याचा प्रघात आहे. आमची सायकल त्या रेघेच्या बरीच वर आहे, पण सोळा आण्यांची नाहीं.

तथापि सरासरीवर विसंबून राहूं नये. सरासरी दहा आणे असलेल्या गांवांतहि एखाद्याचें शेत पार बुडालेलें असतें. पावसांतील ब्रेकाचे पांच आणे हें या सायकलीचें बुडालेलें शेत होय. ज्याची वाट सपाट व डांबरी, त्याचें त्यावांचून अडणार नाहीं; ज्याच्या वाटेवर उतार व खालीं पाणी आहे, त्यानें हाच एक आंकडा पाहून निर्णय करावा, आणि घेतलीच तर पावसाळ्यांत तो उतार पायीं उतरावा.

हंगामाच्या अखेरीस पट्टी हातीं आली म्हणजे अनेक घरांत सायकलीची गोष्ट निघेल. त्या वेळीं आमच्या बंधुभगिनींनीं आपापली वाट, आपलें ओझें व आपलीं माणसें डोळ्यांपुढें आणून हीच सहा कलमें आपल्या हातानें भरावीं. आमचे आंकडे आमच्या वाटेचे आहेत; वाट बदलली कीं ते बदलतील. बांधावर जाऊन पाहणारा सहसा फसत नाहीं, एवढें मात्र कोणत्याहि वाटेवर खरें ठरेल. इत्यलम्.